पिवळ्या चिठ्ठीच्या कॅसेट

बाजू अ

"...आणि त्या क्षणी पाचही अनोळखी प्रवाशांच्या डोळ्यांतून एकाच वेळी अश्रूंच्या धारा वाहू लागल्या."

टक टक.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"तुमचं नाही चुकलं, ताई." मुजावरनं हेडफोन कानावरून वर सरकवले. "मला एक सांगा, हे एकाच वेळी कसे काय रडालेत? कुणी एक-दोन-तीन म्हटलं काय?"

"मागच्या प्रकरणातही एकाच वेळी रडले होते."

"तेव्हा चौघं होते. आता पाचवा आला. शेवटाला अख्खी एसटी भरतीय बघा."

मी हसले. हसताना खोकला आला, पाणी प्यायले, आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. पाचही अनोळखी प्रवासी पुन्हा एकाच वेळी रडले.

(टक टक. — ताई, 'एसटी भरतीय' असं नव्हतो म्हणालो मी. 'टपावर बसवायला लागतील' म्हणालो होतो. — बरं. पुढं वाचू? — वाचा की.)

हे कंसातलं आत्ताचं आहे. मी लिहिलेलं मुजावरला वाचून दाखवते आहे. त्याच्यापुढं दुसरी प्रत आहे आणि बोटांत पेन्सिल आहे. इतक्या वर्षांनी कान थोडा गेला, पण पेन्सिल काही सुटली नाही. त्याचं मधलं बोलणं मी गाळणार नाही. का, ते पुढं येईल.

सांगलीत अंधांसाठी एक कॅसेट वाचनालय होतं. एका मंगल कार्यालयाच्या वरची, पूर्वी भांडी ठेवायची ती खोली. भिंतींना वाकळी टांगलेल्या, खिडकीत गादी कोंबलेली, आणि आवाज येतो म्हणून पंखा बंद. उन्हाळ्यात तिथं बसायला माणसाला दुसऱ्यांच्या डोळ्यांची फार कळकळ असावी लागते, नाहीतर घरी करमत नसावं लागतं. माझं दुसरं होतं.

मी तेव्हा एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत होते. 'तासगावमार्गे विट्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे' हा आवाज माझा. इस्माईल मुजावरचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, उरूस असो, सभा असो, भोंगा त्याचाच. आठवड्यातून दोन दुपारी आम्ही त्या खोलीत एका टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. मध्ये माइक. मी वाचायची. तो हेडफोन लावून दुसऱ्या प्रतीवर पेन्सिल फिरवत तपासायचा. चूक झाली की टेबलावर दोनदा टकटक. मी मागच्या वाक्यापासून पुन्हा सुरू करायची.

मशीन थांबवलं की टेपवर 'खट्ट' असा आवाज उमटायचा. म्हणून आम्ही ते थांबवायचोच नाही. मधलं सगळं, म्हणजे खोकणं, चहाचे कप, आमची बडबड, हे टेपवर तसंच जायचं. नंतर दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेताना मुजावर ते गाळायचा. कच्च्या कॅसेटला पिवळी चिठ्ठी, पक्कीला पांढरी. पांढऱ्या चिठ्ठीची कॅसेट पोस्टानं सभासदाकडं जायची. पिवळी कपाटात राहायची.

ही पद्धत चांगली होती. चिठ्ठ्या चिकटवायचा डिंक चांगला नव्हता.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडं एक कादंबरी आली. 'वडाखालची खुर्ची'. लेखक 'पांथस्थ'. एवढंच नाव, टोपणनाव. एका सभासदाची खास मागणी होती म्हणून वाचनालयानं दोन प्रती मिळवल्या होत्या, दोन्हींची जोडलेली पानं कुणी वाचायला कापून सुटी केलेलीसुद्धा नव्हती. सुरुवातीला मला ती आवडेल असं वाटलं. एका आडगावची धर्मशाळा, पुढं वड, वडाखाली एक लाकडी खुर्ची. त्या खुर्चीत बसणाऱ्यानं आयुष्यात कुणालाच न सांगितलेली एक खरी गोष्ट सांगायची, अशी तिथली रीत. अनोळखी माणसं मुक्कामाला येतात, बसतात, खरं सांगतात.

कल्पना बरी होती. पुढं मात्र प्रत्येक प्रकरण तसंच. माणूस बसतो, 'माझ्या अंतरीचं शल्य' म्हणतो, सांगतो, ऐकणारे रडतात, तोही रडतो, आणि सकाळी उठून सगळे एकमेकांचे होतात. एकानं भावाची जमीन लाटलेली असते, एकीनं मूल टाकलेलं असतं, एक पंधरा वर्षं खोटं नाव घेऊन जगत असतो. अशा गोष्टी वाचताना माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. मला जांभया यायच्या.

"हा लेखक खऱ्याला एवढा का सजवतो?" मी एकदा म्हणाले. मशीन चालूच होतं.

"भोंग्यासारखं झालंय," मुजावर म्हणाला. "आवाज मोठा केला की शब्द फाटतो."

"मागणी कुणी केली असेल?"

"एक तर स्वतः लेखकानं, नाहीतर त्याच्या मेव्हण्यानं."

मग आम्ही दोघंही हसलो. बराच वेळ.

(टक टक. — ह्याच्यापुढं मी अजून एक बोललो होतो, ते लिहिलं नाही तुम्ही. — ते लिहिण्यासारखं नव्हतं. — खरंय. वाचा.)

बाजू ब

ऑगस्टातली गोष्ट. आम्ही रानभाज्यांवरचं एक पुस्तक वाचत होतो. मी कुर्डूच्या भाजीपर्यंत आले होते, तेव्हा दारावर काठी वाजली.

आत आले ते सत्तरीच्या घरातले गृहस्थ होते. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, काळा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. रिक्षावाल्यानं त्यांना जिना चढवून दारात सोडलं आणि 'खाली थांबतो काका' म्हणून तो गेला. त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, पायानंच एकीला एक लावून ठेवल्या.

"मुजावर आणि शशिकला खोत," ते म्हणाले. "बरोबर?"

प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला आमची नावं असायची. सभासद कधी कधी भेटायला यायचे, कुणी पेढे आणायचं. मी त्यांना हात धरून खुर्चीत बसवलं.

"मी रघुनाथ शिराळकर. इस्लामपूरचा. हे परत द्यायला आलो." त्यांनी पिशवीतून रबर लावलेला कॅसेटचा गठ्ठा काढला.

"पोस्टानं पाठवायच्या की, काका," मुजावर म्हणाला. "एवढ्यासाठी कशाला आलात? टेप गुंतली काय?"

"टेप चांगली आहे. पुस्तक बरं नाही."

मुजावर हसला. मीही. "कुठलं पुस्तक?"

"'वडाखालची खुर्ची'. पण हे माझं मत नाही. तुमचं आहे. दुसऱ्या कॅसेटवर, पहिल्या बाजूला. 'भोंग्यासारखं झालंय, आवाज मोठा केला की शब्द फाटतो.'" त्यांनी मान मुजावरच्या आवाजाकडं वळवली. "हे तुम्ही. आणि 'खऱ्याला एवढा का सजवतो', ह्या बाई."

मी गठ्ठा हातात घेतला. पांढऱ्या चिठ्ठ्या होत्या. एकीच्या कडेला जुन्या चिठ्ठीचा कपटा राहिला होता. पिवळा. उन्हाळ्यात डिंक वाळून चिठ्ठ्या गळल्या होत्या, आणि कुणीतरी अंदाजानं पुन्हा लावल्या होत्या.

"काका, माफ करा," मी म्हणाले. "ह्या कच्च्या कॅसेट आहेत. चुकून गेल्या. आम्ही आपलं कंटाळून काहीतरी बोलत असतो."

"आणि ते मागणी करणाऱ्याबद्दलचं?"

मुजावरनं पेन्सिल टेबलावर ठेवली.

"मला मेव्हणा नाही," शिराळकर म्हणाले. "त्यामुळं तुमचा पहिला अंदाज बरोबर निघाला."

खालच्या मंगल कार्यालयात कुणीतरी पातेली घासत होतं. मी मुजावरकडं बघितलं, तो गादी कोंबलेल्या खिडकीकडं बघत होता. जणू तिच्यातून उडी मारता येते का याचा विचार करत होता.

"अहो, घाबरू नका," शिराळकर म्हणाले आणि हसले. त्यांचं हसणं लहान होतं, नाकातून. "मी भांडायला आलेलो नाही. पुस्तक छापलं तेव्हा शंभर जणांना भेट दिलं. सगळे म्हणाले, छान. काय छान, ते कुणी सांगितलं नाही. एकानं मुखपृष्ठ छान म्हटलं. डोळे गेल्यावर वाटलं, आपलं आपण एकदा ऐकावं. म्हणून मागितलं. आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी ते माझ्यासमोर वाचलं. वाचलं म्हणजे, खरं वाचलं. पाच माणसं एकाच वेळी रडली तिथं मी पण हसलो. सून स्वयंपाकघरातून बघायला आली."

"चहा सांगू?" मुजावर म्हणाला. त्याला खोलीतून बाहेर पडायचं होतं.

"सांगा. पण आधी एक विचारायचं आहे. त्यासाठीच आलोय."

त्यांनी गठ्ठ्यासाठी हात पुढं केला. मी कॅसेट त्यांच्या हातात दिल्या. बोटांनी चाचपून त्यांनी एक वेगळी काढली. तिच्या कोपऱ्याला त्यांनी दोरा बांधला होता.

"हे नववं प्रकरण. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं. ह्यात तुम्ही दोघं एक अक्षर बोलला नाहीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त वाचन. पुढचं प्रकरण लागलं की पुन्हा बडबड सुरू. का?"

मी काही बोलायच्या आधी मुजावर म्हणाला, "आवडलं होतं, काका. म्हणून गप्प बसलो."

"मी बाईंना विचारलं."

"पण मी सांगतो ना."

"मुजावर, तुम्हाला बिडीचा खोकला आहे. प्रत्येक कॅसेटवर आहे. नवव्यात नाही."

मुजावरला त्याच वेळी खोकला आला, आणि तो त्यानं गिळायचा प्रयत्न केला.

(टक टक. — गिळला नव्हता. — गिळलास. डोळ्यांत पाणी आलं होतं. — ते शरमेनं. बरं, राहू दे. वाचा.)

मी म्हणाले, "काका, त्यात तुम्हाला काय एवढं?"

"सांगतो. मग तुम्ही सांगा." त्यांनी कॅसेट मांडीवर ठेवली. "मी हिवताप विभागात होतो. जन्मभर गावोगाव. रक्ताचे नमुने घ्यायचे, फवारणी बघायची, आणि मुक्काम कुठं देवळात, कुठं शाळेत, कुठं धर्मशाळेत. अनोळखी माणसाला लोक खरं सांगतात, बाई. सकाळी तो जाणार असतो. तो जमीन लाटलेला, ती मूल टाकलेली, तो खोट्या नावाचा, सगळे मला भेटलेत. मी फक्त नावं-गावं बदलली. बाकी सगळं त्यांनी सांगितलं तसंच. ते खरोखर रडले होते. एकाच वेळी नाही, एवढंच."

"आणि नववं?" मी विचारलं.

"ते मी रचलं."

"सगळं?"

"असा माणूस मी कधी पाहिला नाही. प्रकरण कमी पडत होतं, एका रविवारी बसून रचलं. लाज वाटायची त्याची. खऱ्या माणसांच्या रांगेत एक खोटा बसवला असं वाटायचं." त्यांनी दोऱ्याची गाठ बोटांत फिरवली. "आता मी कुठं मुक्कामाला जात नाही. मला कुणी काही सांगत नाही. सांगितलेलं होतं तेवढं संपलं. सून म्हणते, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. वही आणून ठेवलीय तिनं. मी तिला दोन महिने उद्या-उद्या म्हणतोय. रचता येत असेल तर पुढं काही आहे. नसेल तर दुपारचा रेडिओ आहे, तोही वाईट नाही. पण मला ते कळायला हवं. खऱ्यावर तुम्ही हसलात. खोट्यावर गप्प बसलात. का, ते सांगा."

मुजावर माझ्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं: हो म्हणा, ताई. एका शब्दाचं काम आहे.

"त्या दिवशी मुजावर नव्हता," मी म्हणाले. "त्याला मिरजेत मंडपाचं काम लागलं होतं. मी एकटीच बसून वाचलं. बोलायला समोर कुणी नव्हतं."

"हं."

"आणि खरं सांगायचं तर मला त्यातलं काही आठवत नाही, काका. मी स्टँडवर ओरडते तसं वाचलं. गाडी कुठं जाते ते सांगायचं असतं, आपण जायचं नसतं."

"हं," ते पुन्हा म्हणाले. मग: "तुमचा आवाज मी स्टँडवरही ऐकलाय. स्वच्छ आहे." आणि काठी शोधायला लागले.

मुजावरनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मला आजही ती नको वाटते.

(टक टक. — तसं बघितलं नव्हतं हो. — बघितलं होतंस. — मग बरोबरच बघितलं होतं. म्हातारा माणूस इस्लामपुरातून आलेला.)

काठी टेबलाखाली गेली होती. ती काढायला मुजावर वाकला, आणि टेबलाखालूनच म्हणाला, "काका, मी ते प्रकरण ऐकलेलंच नाही. तपासायचं राहिलंय. तपासल्याशिवाय पक्कं करता येत नाही, नियम आहे."

असा काही नियम नव्हता.

"मग?" शिराळकर म्हणाले.

"मग ताई वाचतील. मी तपासतो. तुम्ही बसा. चहा आला की प्या."

मी दोन्ही प्रती कपाटातून काढल्या. मुजावरनं नवी कॅसेट घातली, हेडफोन लावले, पेन्सिल घेतली. रानभाज्या बाजूला सरकवल्या. मी म्हणाले, "'वडाखालची खुर्ची', प्रकरण नववं," आणि वाचायला सुरुवात केली.

प्रकरण छोटंच होतं. दुपारची वेळ. छत्र्या दुरुस्त करणारा एक माणूस उन्हातून येतो आणि कुणाला न विचारता त्या खुर्चीत बसतो. ओट्यावरची माणसं सरसावतात. आता हा खरं सांगणार. तो चपला काढतो, तळवे चोळतो. कुणीतरी त्याला रीत सांगतं. तो म्हणतो, "माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही. पाय दुखतात, तेवढं खरं आहे."

इथं एकदा माझा आवाज घसरला. मुजावरनं टकटक केलं. मी वाक्य पुन्हा घेतलं.

माणसं वाट बघत राहतात. त्यांना वाटतं, हा टाळतोय. एकजण चिडतो. एकजण म्हणतो, असू दे, संध्याकाळपर्यंत बोलेल. तेवढ्यात तो झोपतो. मान बाजूला, तोंड थोडं उघडं, मांडीवर छत्रीच्या काड्यांची जुडी. मग हळूहळू त्यांची कुजबुज सुरू होते. त्याला जाग येऊ नये म्हणून ती हलक्या आवाजात बोलतात, आणि हलक्या आवाजात मोठं काही बोलता येत नाही. म्हणून विट्याची गाडी किती वाजता, यंदा चिंचा कमी का, असलं बोलतात. कुणी कुणाचं नाव विचारतं. इतक्या दिवसांत ते विचारायचं राहूनच गेलेलं असतं.

माझा स्टँडवरचा आवाज कुठंतरी मागं राहिला होता. पंखा बंद होता, मानेवरून घाम उतरत होता, आणि मला फक्त एवढंच कळत होतं की तो माणूस उठल्यावर काय होणार हे मला माहीत नाही. मी ते आधी वाचलं होतं, तरी माहीत नव्हतं. खाली पातेली घासणं थांबलं होतं की मला ऐकू येत नव्हतं, कोण जाणे.

शेवट असा होता. 'दिवस कलला तेव्हा तो जागा झाला. सगळ्यांकडं बघून ओशाळं हसला. काड्यांची जुडी उचलली, चपला पायांत सरकवल्या आणि चालू लागला. कुणीच त्याला थांबवलं नाही. त्या रात्री खुर्चीत कुणी बसलं नाही.'

मी पुस्तक मिटलं. मशीनची फिरकी फिरत होती.

शिराळकर म्हणाले, "एक ओळ सुटली."

"कुठं?" मी म्हणाले.

"'ओशाळं हसला'च्या पुढं. 'तो झोपला होता तेवढ्यात कुणीतरी त्याच्या चपला उन्हातून सावलीत सरकवल्या होत्या.' ती वाचलीच नाही तुम्ही."

मी पुस्तक उघडलं. ओळ होती. मी मुजावरकडं बघितलं. त्याच्यासमोर प्रत उघडी होती, पण दोन पानं मागं. पेन्सिल त्याच्या बोटांत नव्हती. ती घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेली होती.

"कुठल्या चपला?" मुजावर म्हणाला. मग त्यानं घाईघाईनं पानं उलटली, ओळ सापडली, ओठ हलवत ती वाचली. "आयला," तो म्हणाला. "मला कळलंच नाही."

मुजावरच्या हातून चूक सुटत नसे. एकदा पंचांगाचं पुस्तक वाचताना मी एका तिथीला दुसरी म्हटलं होतं, तेही त्यानं खोकता खोकता पकडलं होतं.

"म्हणजे तपासलं नाहीत तुम्ही," शिराळकर म्हणाले.

"नाही ओ, काका." मुजावरचा आवाज गोंधळलेला होता. "मी ऐकत बसलो."

शिराळकरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. ज्या काचेतून बघायचं नव्हतं ती इतकी काळजीपूर्वक पुसणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मग त्यांनी हात पुढं केला.

"काठी द्या. सून वाट बघत असेल."

"चहा येतोय," मी म्हणाले.

"पुढच्या वेळी."

(टक टक. — ताई, एक विचारू? ती ओळ मुद्दाम गाळली होती का तुम्ही? मला तपासायला? इतकी वर्षं विचारीन म्हणतोय. — नाही रे. — खरं? — खरं. तो उठल्यावर काय होतंय ते बघायची घाई झाली मला. — म्हणजे गाडीत तुम्ही पण बसलात. — बसले. — वाचा.)

उरलेली टेप

पुढच्या वर्षी त्यांच्याकडून पहिली कॅसेट आली. वही सुनेनं लिहून घेतली होती, पण आमच्यासाठी त्यांनी स्वतःच्या आवाजात वाचून पाठवलं. वाचून म्हणजे, आठवून. वर पिवळी चिठ्ठी होती, भक्कम, शिवणीच्या दोऱ्यानं बांधलेली. आत सुरुवातीलाच ते म्हणत होते, "ही कच्ची आहे. बोला."

आम्ही बोललो. त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला बोलून परत पाठवायचो. पहिली गोष्ट मला बरी वाटली, दुसरी अजिबात नाही. तिसऱ्यात एक न्हावी होता, त्याच्यावरून मुजावर आणि शिराळकर यांचं तीन कॅसेटभर भांडण झालं. मुजावरचं म्हणणं, न्हावी एवढा कमी बोलत नाही. शिराळकरांचं म्हणणं, हा बोलतो, पण गिऱ्हाईक गेल्यावर. शेवटी कोण जिंकलं ते आठवत नाही. सगळं मिळून एक छोटं पुस्तक झालं. त्यात कुणीही एकाच वेळी रडत नाही. ते फार खपलं नाही. आमच्या वाचनालयात मात्र ते सारखं बाहेर असायचं.

'वडाखालची खुर्ची'ची पक्की प्रत आम्ही कधी केलीच नाही. सभासदांना आम्ही पिवळीच पाठवत राहिलो, शिराळकरांच्या सांगण्यावरून. एका बाईंनी कराडहून कळवलं होतं की कादंबरी ठीक आहे, पण मधली दोन माणसं फार आवडली. ती पुढं कुठं जातात?

शिराळकर आता नाहीत. कॅसेटही नाहीत. कॅसेटवरचं सगळं आता फोनमध्ये मावतं. ते बरंच आहे. मी आणि मुजावर मात्र अजून आठवड्यातून एकदा बसतो, कधी त्याच्याकडं, कधी माझ्याकडं. मी काही लिहिलं की वाचते. तो तपासतो.

आता राहिला शेवटचा परिच्छेद. एवढं मुजावरच्या प्रतीत नाही आणि मी मोठ्यानंही वाचत नाही: त्यात मी एक ओळ गाळून वाचणार आहे. त्याच्या प्रतीत ती आहे. बघू.

त्या दिवशी आम्ही दोघं शिराळकरांना दारापर्यंत सोडायला गेलो. मी त्यांचा हात धरला होता, मुजावर पुढं झाला होता. उंबऱ्याशी ते थांबले, पायानं अंदाज घेतला आणि पहिल्याच पावलाला चपलांत पाय गेले. ते जरा चमकले. मग ते मान वाकवून, कुणालाच उद्देशून नाही असं, नाकातून लहानसं हसले, आणि भिंतीला हात लावत जिना उतरायला लागले.

(टक टक. — एक ओळ सुटली, ताई. — कुठली? — मी पुढं जाऊन त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या, ती. — मग कळलं तुला. म्हणजे माझं अजून शिराळकरांएवढं जमलं नाही. — तसं नाही ओ. स्वतःचं नाव आलं की कुणाला पण कळतंय. — पुन्हा वाचू ती ओळ घेऊन? — नको. त्यांना सांगितलं नव्हतं आपण. राहू दे सुटलेली.)